अण्णांनी बंद केलेला आवाज

माझे थोरले दीर माझ्याशी कधी थेट बोलत नसत. घराण्याची रीतच तशी होती. त्यांना मला काही सांगायचं असलं की ते माझ्या नवऱ्याला सांगत, आणि मला त्यांच्यापर्यंत काही पोचवायचं असलं की मीही नवऱ्यालाच सांगायची. घरात त्याची कधी अडचण झाली नाही. आमटीत मीठ जास्त झालंय, एवढेच निरोप असायचे. दुकानात मात्र त्या रीतीनं आमचं वाटोळं केलं.

बीडला आमचं औषधांचं घाऊक दुकान होतं. कंपन्यांचा माल आमच्याकडं उतरायचा आणि आम्ही तो आष्टी, पाटोदा, गेवराईच्या दुकानांना पाठवायचो. नव्वदनंतर कंपन्या भराभर वाढल्या. रोज नवं औषध, रोज नवा माणूस बॅग घेऊन दारात. दिरांना सगळे अण्णा म्हणत. त्यांच्या मनानं घेतलं की दुकान कॉम्प्युटरवर घ्यायचं. गोदामाच्या कडेला काचेची खोली झाली, औरंगाबादहून मशीनं आली आणि पुढाऱ्याच्या हस्ते नारळ फुटला.

मी लग्नाआधी लातूरला कॉम्प्युटरचा कोर्स केला होता. बघायला आले तेव्हा त्याबद्दल कुणी एक शब्द विचारला नव्हता. आता तो कोर्स सगळ्यांना एकदम आठवला. बाहेरचा माणूस कशाला, घरचीच बाई बसेल, असं ठरलं.

मला ते काम आवडायचं, हे खरं आहे. कोणत्या औषधाचा कोणता बॅच नंबर कुठल्या दुकानात गेला, हे एका क्षणात पडद्यावर यायचं. अण्णा पाहुण्यांना काचेबाहेर उभं करून मशीन दाखवायचे. सगळं मशीनमध्ये आहे म्हटल्यावर त्यांनी बिलाची दुसरी प्रत काढणंही बंद केलं. कागद वाया जातो म्हणाले.

मशीनं बसवणाऱ्या इंजिनियरनं जाताना मला एक गोष्ट सुचवली होती. महिन्यातून एकदा त्याचा माणूस येईल. बॅटरी, डिस्क, वायरी सगळं तपासेल आणि आपण फ्लॉपीवर ठेवलेल्या नकला खरंच उघडतात का तेही बघेल. अण्णांनी नवऱ्यातर्फे उत्तर दिलं, "चालू मशीन बघायला मानूस कशाला? बंद पडलं की बोलवू."

दुसऱ्या वर्षी यूपीएस वाजायला लागला. लाईट गेली की मशीन नीट बंद करण्याइतका वेळ देणारा तो डबा. त्याची बॅटरी संपत आली होती, म्हणून तो दर थोड्या वेळानं टी-टी करायचा. मी नवऱ्याला सांगितलं, बॅटरी बदलावी लागेल, नाहीतर लाईट गेल्याबरोबर मशीन एकदम बंद पडेल. अण्णांना त्यांनी एवढंच सांगितलं की तो डबा आवाज करतोय. माझं वाक्य त्यांच्यापर्यंत पोचेस्तोवर असं अर्धं व्हायचं. अण्णांजवळ तेव्हा कंपनीचे साहेब बसले होते. "कावून वरडतंय ते सारखं?" म्हणत त्यांनी समोरच्या गल्लीतला वायरमन बोलावला. त्यानं झाकण उघडून आवाजाची वायर तोडली. अण्णांचा निरोप आला, "सांग तिला, झालं नीट."

पुढं मशीन सुरू करताना पडद्यावर एक सूचना यायला लागली. डिस्क खराब होते आहे, माहिती दुसरीकडं घ्या, डिस्क बदला. पुढं जायचं तर अमुक कळ दाबा. मी ती नवऱ्याला दाखवली. त्यांनी विचारलं, काम होतंय का? मी म्हटलं, होतंय. "मग दाब की ती कळ," ते म्हणाले आणि गोदामात निघून गेले. मी रोज सकाळी ती कळ दाबत राहिले. फ्लॉप्या दुसऱ्या मशीनवर उघडून बघायला हव्यात, हेही मी दोनदा बोलले. त्यावर निरोपच आला नाही.

कार्तिकात सगळे कपिलधारच्या यात्रेला गेले होते. दुकानात मी आणि हमाल एवढेच होतो. दुपारी लाईट लागोपाठ गेली-आली. यूपीएसनं एक क्षणसुद्धा दम धरला नाही आणि आवाजही केला नाही. शेवटी मशीन सुरू केलं तेव्हा आतून खरडल्यासारखं काहीतरी ऐकू आलं आणि पडदा काळाच राहिला.

औरंगाबादहून तो इंजिनियर आला. त्यानं एकेक फ्लॉपी लावून पाहिली. एकही उघडली नाही. मशीनमधला फ्लॉपीवर लिहिणारा भागच कधीचा बिघडला होता. त्यानं यूपीएस उघडला, तुटलेली वायर पाहिली आणि मला विचारलं, "वहिनी, इतकं सगळं एका दिवसात होत नाही. कुणीच बघत नव्हतं का?"

मी उत्तर देण्याआधी अण्णा बोलले. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच थेट माझ्याशी बोलले. "तुमच्या हाती दिलं होतं," ते म्हणाले. "तुमी काय केलंत?"

मी नवऱ्याकडं पाहिलं. त्यांना सगळं ठाऊक होतं. ते खाली फरशीकडं बघत उभे राहिले.

एवढ्यावर भागलं असतं तर मी कदाचित विसरलेही असते. पण थोड्याच दिवसांत एका कंपनीचा फॅक्स आला. लहान मुलांच्या खोकल्याच्या औषधाचा एक बॅच तातडीनं परत मागवला होता. कारण लिहिलं नव्हतं, फक्त कुणालाही देऊ नका असं होतं. तो माल आमच्याकडूनच गेला होता. कुठं गेला, हे सांगणारी एकच जागा होती आणि ती काळी पडली होती.

मग जीप काढून आम्ही दुकान दुकान फिरलो. काही नोंदी मला आठवत होत्या म्हणून मलाही नेलं. लिंबागणेशला एक खोकं न फोडलेलं मिळालं. बाकी ठिकाणी थोड्याथोड्या बाटल्या मिळाल्या. आष्टीच्या दुकानदाराकडं मात्र कपाट रिकामं होतं.

"ते दिवाळीतच संपलं की," तो म्हणाला. "ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या तवा बायांनी पोरांसाठी नेलं. थंडीत लागतं म्हनून."

नवऱ्यानं विचारलं, टोळ्या कुठं गेल्या? त्यानं हात हलवला. कुणी सांगलीकडं, कुणी कर्नाटकात. अण्णा जीपमधून उतरलेही नव्हते. ते म्हणाले, चला.

त्या बाटल्या कधीच मिळाल्या नाहीत. पुढं कित्येक महिने मी पेपरात बातमी शोधायची. काही छापून आलं नाही. उसाच्या फडावरच्या पाचटाच्या कोपीत एखाद्या मुलाला काय झालं, हे तसंही कोण छापणार होतं?

कंपनीनं आमची एजन्सी काढून घेतली, मग दुसरीनं, तिसरीनं. भाऊ वेगळे झाले. नात्यात सांगितलं गेलं की धाकटीनं कॉम्प्युटर बिघडवला. माझ्या माहेरीही तेच कळलं. नवऱ्यानं ते कधी खोडून काढलं नाही, आणि मीही त्यांना पुन्हा कशाबद्दल निरोप सांगितला नाही.

नंतर आम्ही औरंगाबादला आलो आणि मला एका कारखान्यात नोकरी लागली. तिथं सगळ्या मशीनांवर नजर ठेवण्यासाठी पाळीपाळीनं माणसं होती. बॅटरी किती उरली, डिस्क कशी आहे, खोली तापली का, नकला उघडतात का, एवढंच बघायचं. काही वाजलं की थेट मॅनेजरला फोन करायचा, मध्ये कुणी नाही. पहिल्या आठवड्यात मला त्या माणसांचा राग यायचा. खुर्चीत बसून चहा पितात आणि त्यांचं ऐकलंही जातं.

मागं पुतणीच्या लग्नात बीडला गेले होते. जेवणाच्या पंगतीत अण्णा व्याह्यांना तीच गोष्ट सांगत होते. औषधात खोट निघाली तेव्हा आम्ही खाणंपिणं सोडून जिल्हाभर फिरलो, एकेक बाटली गोळा केली, किती लेकरं वाचवली म्हणाले. व्याही माना डोलावत होते. माझा नवरा शेजारीच बसला होता.

"एकबी बाटली सोडली न्हाई," अण्णा म्हणाले आणि त्याच्याकडं वळले. "न्हाई का रे?"

तो हो म्हणाला.

मी पान तसंच ठेवून उठले.