अर्धा इंच वरचढ

माझा धाकटा भाऊ सुतार. सगळे त्याला गुण्या म्हणतात. गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं सुताराचं हत्यार. तरुणपणी हा मुलगी बघायला गेला आणि मुलीऐवजी तिच्या दाराची चौकट बघून आला. नाव पडलं ते तेव्हा, आणि लग्न राहिलं तेही तेव्हाच. माझे मालक गेल्यापासून मी त्याच्याकडेच असते. माझी नातवंडं त्याच्याच अंगाखांद्यावर वाढली.

लढाईत त्याचं दुकान जळलं. नदीपलीकडच्यांनी जाळलं. पलीकडची दुकानं आमच्यांनी जाळली, तेही सांगायला हवं, नाहीतर मी खोटी पडेन. लढाई थांबली, पण चार वर्षं गुण्याच्या हाताला काम नव्हतं. लोकांच्या मोडक्या खुर्च्यांना खिळे ठोकायचा आणि गप्प बसायचा. बोलका माणूस गप्प झाला की घर खायला उठतं.

मग पाच-सहा देशांनी मिळून पाठवलेली एक परदेशी बाई आली. पुलाजवळच्या जुन्या गोदामात दोन्ही काठांची समिती बसणार होती. रस्ता, पाणी, बाजार सगळं मिळून ठरवायचं. त्यासाठी मोठं टेबल हवं. बाईंनी डोकं लढवलं: अर्धं टेबल गुण्याने करायचं, अर्धं पलीकडच्या सुताराने, आणि मध्ये जोडायचं. उंची तीस इंच. जमलं तर दोन्हीकडच्या सुतारांना मिळून एक शेड आणि लाकूड कापायचं मशीन. नाही जमलं तर टेबल शहरातून तयार येणार आणि मशीन दुसऱ्या गावाला जाणार.

तीन आठवडे घरात भुसा. नातवंडांच्या केसांत भुसा, दुधावर सायीऐवजी भुसा. पाय कापायच्या दिवशी पाय धरायला मी होते. भावाचे नाही, टेबलाचे.

मी म्हटलं, "बाबा रे, आपली बाजू खाली दिसायला नको."

"तीस म्हणजे तीस, ताई."

"आणि त्यांनी एकतीस केलं तर? वर बसून बोलतील तुझ्याशी."

त्याने कानामागची पेन्सिल काढली, परत ठेवली, परत काढली. आणि अर्धा इंच वाढवला. अर्धाच का, तर म्हणे याहून कमी दिसत नाही आणि याहून जास्त लपत नाही.

जोडायच्या दिवशी मीही गोदामात गेले. पलीकडचा सुतार ठेंगणा, चकचकीत टकलू. दोघांनी एकमेकांकडे पाहिलंसुद्धा नाही. दोन्ही अर्धी समोरासमोर सरकवली आणि टेबल असं जुळलं की फटीत नख जाईना.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. हे दोघे मात्र पांढरे पडले. गुण्याने टकलूकडे पाहिलं, टकलूने गुण्याकडे. चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक.

बाईंनी टेप लावली. इकडे साडेतीस, तिकडे साडेतीस. त्यांच्यासोबतची दुभाषी मुलगी म्हणाली, "बाई विचारताहेत, दोघांची चूक अगदी सारखी कशी?"

मी मनात म्हटलं, गेलं मशीन. आणि कुणामुळे, ते मलाच ठाऊक.

टकलू खाकरला. "चूक नाही. आम्ही ठरवून केलं."

जन्मात एक शब्द बोलले नव्हते हे दोघे.

"कधी ठरवलं?" मुलीने विचारलं.

गुण्या खोटं बोलायला लागला की त्याचे कान लाल होतात. "पुलावर भेटलो होतो," तो म्हणाला. "इथल्या खुर्च्या उंच आहेत. तीस इंचाला मांड्या घासल्या असत्या."

"बसून बघा की," टकलू म्हणाला.

बाई बसल्या. खुर्च्या खरंच उंच होत्या, नशीब आमचं. बाईंचा चेहरा खुलला. दोन्ही बाजूंनी एकमेकांना विचारून काम केलं, हे त्या वर लिहून कळवणार म्हणाल्या. लिहिलं असेलच. पाच-सहा देशांत वाचलंही असेल.

बाहेर पायरीवर दोघे टेकले.

"तुला कुणी सांगितलं होतं वाढवायला?" टकलूने विचारलं.

गुण्याने हनुवटीने माझ्याकडे दाखवलं.

"मला बायकोने," टकलू म्हणाला. "बरं झालं ती आज आली नाही. या दोघींनीच समिती चालवली असती."

मी ऐकलंच नाही असं दाखवलं.

पुलाजवळच शेड झाली, मशीन आलं. सगळं गोडीगुलाबीत चाललंय असं नाही. जळलेली दुकानं दोघांच्याही मनात आहेत. एखादा शब्द वाकडा पडतो आणि मग दिवसभर नुसतं मशीन बोलतं. पण लांब फळी एकट्याने मशीनमधून जात नाही, दुसरं टोक धरायला माणूस लागतोच. गुण्या पुन्हा जेवताना बडबड करायला लागलाय. त्याला गप्प करायला मला आता ओरडावं लागतं.

परवा म्हणाला, "ताई, उद्यापासून डबा दोघांचा दे. त्याचं घर पुलापासून लांब आहे."

मी म्हटलं, "आधी विचारून ये, खातो किती."

विचारून आला. बराच खातो म्हणे. मी माळ्यावरचा मोठा डबा काढून घासून ठेवला.