पांढरं वॅक्स

काळ्या गाडीचे मालक माझ्या डोक्यात जातात. तळोद्यात माझं गाड्यांच्या सामानाचं दुकान आहे. मागच्या महिन्यात पन्नाशीचा एक माणूस डोंगरातल्या गावाहून नवी काळी गाडी घेऊन आला. दारावर कुणीतरी खिळ्याने हातभर ओरखडा काढलेला. मी घासायचं पॉलिश आणि रेघ झाकणारं काळं वॅक्स पुढे ठेवलं. तो एकेक डबी उघडायचा, वास घ्यायचा, झाकण लावून परत ठेवायचा. माझं टाळकं सरकलं.

"भो, लेवानं शे का नही?"

त्याने फळीवरचं पांढरं वॅक्स उचललं.

"ते सुकनं की पांढरं दिसस! रेघ आखो दिसी!"

"दिसू द्या," तो शाळेतल्या मराठीत कडाडला. "आदिवासीच्या दारात असली गाडी बघवली नाही, म्हणून खिळा मारलाय. मी कशाला लपवू?"

तिथेच त्याने बोटाने रेघ भरली.

आता दर बाजाराला तो गाडी मुद्दाम चौकात लावतो. ती रेघ दिसली की काही जण मान फिरवतात. त्याचं नाव मला अजून माहीत नाही. मान फिरवणाऱ्यांची मात्र सगळी ठाऊक आहेत. कालपर्यंत माझ्याच बाकावर बसून चहा प्यायचे.