तळाचा नळ

दिंद्रुडच्या भिवराबाई आघाव वयाच्या चौसष्टाव्या वर्षी प्रौढ साक्षरता वर्गात वाचावयास शिकल्या. एका अक्षरावर बोट ठेवून त्याची पुरती ओळख पटल्याखेरीज त्या पुढच्या अक्षराकडे वळत नसत. त्यांची नात जानकी याच्या अगदी उलट. प्रश्न अर्धा कानावर पडताच ती उत्तर देऊन मोकळी होई.

त्या दुष्काळी वर्षी सहकारी साखर कारखान्याने ऊसतोड कामगारांच्या मुलींसाठी गुणवत्ता शिष्यवृत्तीची परीक्षा ठेवली होती. पहिल्या वीस मुलींना महाविद्यालय आणि वसतिगृह मिळणार होते. यादीत नाव न आल्यास जानकीला आईवडिलांबरोबर उसाच्या फडात जावे लागणार होते. चुकलेल्या उत्तराचे गुण कापले जात आणि सरावात जानकीचे ते भरपूर कापले जात.

टँकर केव्हा येईल याचा नेम नसे. म्हणून अभ्यास घागरींच्या रांगेतच चाले. आजीने वाचावे आणि नातीने उत्तर द्यावे, असा शिरस्ता पडला होता.

“एका टाकीला दोन नळ आहेत. पहिला ती तीन तासांत भरतो, दुसरा सहा तासांत...”

“दोन तास!”

“थांब की. माजं बोट अजून वरच्याच वळीवर हाय.”

“आज्जे, आलं ना उत्तर! फुडचा प्रश्न घे.”

भिवराबाईंनी बोट सावकाश खाली सरकवले. “तळाचा तिसरा नळ भरलेली टाकी चार तासांत रिकामी करतो. तिन्ही नळ एकदम उघडले तर...”

पुढे उभ्या असलेल्या छबुबाई गर्रकन वळल्या. “तळचा नळ उगडा? कावून?”

“पुस्तकात हाय, बाई.”

“पुस्तकात असला म्हणून काय झालं? आदी बंद करा म्हणावं! आमी इथं सकाळधरनं उनात उब्या. बघ, नळ बंद करा असं उत्तर हाय का त्याच्यात?”

भिवराबाईंनी चारही पर्याय प्रामाणिकपणे वाचून पाहिले. “न्हाई गं. चारीत बी न्हाई.”

“मंग पेपर काढणाऱ्यानं टँकर बगितलेला न्हाई!”

सारी रांग हसली. जानकीही हसली आणि मग बोटांवर हिशेब करू लागली. उत्तर चार तास होते. तेव्हापासून तिने उत्तराला तोंड उघडले की छबुबाई आधी विचारीत, “जानके, तळचा नळ बगितला का?”

परीक्षेत टाकी आलीच नाही. जानकीने मात्र प्रत्येक ओळीवर आजीसारखे बोट ठेवले. बाहेर आली ती फुरंगटूनच. “तुज्या बोटापायी माजे चार प्रश्न राहिले, आज्जे!”

भिवराबाईंना त्या दिवशी भाकर गोड लागली नाही.

कारखान्याच्या फळ्यावर यादी लागली, तेव्हा जानकीने डोळे झाकून घेतले. “तूच वाच.”

भिवराबाईंनी मथळ्यापासून आरंभ केला. कारखान्याचे नाव झाले, तारीख झाली, आठ मुली झाल्या. “नऊ. जा... न... की...”

“आले! मी आले!”

“गप! वळ पुरी होऊ दे.” बोट पुढे सरकले. “धों... डी... रा... म.” जानकीने एक डोळा उघडला. “आ... घा... व.”

जानकीने आजीला कडकडून मिठी मारली. त्या मिठीतूनच एक हात बाहेर काढून भिवराबाईंनी फळ्यावर पुन्हा बोट टेकवले.

“सोड की जरा. अजून अकरा पोरी राहिल्यात.”