पाऊण तास चुकलेले भावोजी

होडी बुडवण्याचे, रुतवण्याचे, उलटी टांगण्याचे आणि जागच्या जागी अर्धा तास जोरात चालवण्याचे जेवढे प्रकार माणसाला ठाऊक आहेत, ते सगळे आमच्या भावोजींनी शापोरा नदीत करून दाखवलेले आहेत. आणि जे कुणाला ठाऊक नव्हते, ते त्यांनी स्वतः शोधून काढले आहेत! नदीकाठचे लोक पिढ्यान्‌पिढ्या होड्या चालवत आले, पण होडी या वस्तूत एवढ्या शक्यता दडलेल्या आहेत हे त्यांना भावोजींनीच दाखवून दिलं.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. पेडण्यातल्या पार्से गावात त्यांचं घर. मागं काजूची बाग, बागेखाली माड आणि माडांच्या मुळाशी नदी. आम्ही डिचोलीची माणसं. आमचा नदीशी संबंध पुलावरून जाताना बसच्या खिडकीतून बघण्यापुरता. भावोजींचा मात्र पाण्याशी एकतीस वर्षांचा संबंध. खनिज घेऊन मुरगावला जाणाऱ्या बार्जींच्या एका ऑफिसात ते कारकून होते. बार्ज कधी सुटली, कधी पोचली, कुठं रेतीवर चढली, हे सगळं ते लिहून ठेवत. एकतीस वर्षांत एकदाही ते बार्जीवर चढले नाहीत. त्यांचं टेबल भिंतीकडं तोंड करून होतं, त्यामुळं बार्ज त्यांना धड दिसतही नसे. पण बार्ज कुठं रुतली की तांडेलाला मेमो मात्र भावोजींचा जायचा. घटना, कारण, जबाबदार व्यक्ती अशा तीन ओळींचा. तो वाचून चाळीस वर्षं समुद्र प्यालेले तांडेल मान खाली घालून उभे राहायचे म्हणे. हे 'म्हणे' अर्थात भावोजींचंच.

खाणी थंडावल्या, भावोजी निवृत्त झाले आणि महिन्याभरात त्यांनी मोरजीच्या एका हॉटेलवाल्याकडून जुनी फायबरची होडी आणली, मागं इंजिन लावलेली. "कशाला?" असं मी विचारलं, तेव्हा त्यांनी ताई आत गेल्याची खात्री करून घेतली आणि हळूच म्हणाले, "तुझ्या बहिणीक नदीतसून फिरवूचा असा रे. लग्न झाल्यापास्ना सांगतंय, वेळच मेळूक नाय." एवढी एकच इच्छा होती त्या माणसाची. ताईनं एकदा होडीत बसावं! पुढची सगळी धडपड, सगळे अपघात आणि सगळी बेअब्रू या एका इच्छेपायी झाली, हे वाचकांनी लक्षात ठेवावं.

होडी पाण्यात उतरवायचा दिवस मी जन्मात विसरणार नाही. भटजी बोलावलेले, केळीचे खांब बांधलेले, काठावर निम्मं गाव. अशा होडीच्या बुडाशी पाणी काढायला एक भोक असतं आणि त्याला रबराचं बूच असतं. भावोजींना वाटलं, एवढंसं बूच अख्ख्या होडीचं पाणी अडवतं म्हणजे खरी देवता तीच. त्यांनी ते काढून, धुऊन, हळदकुंकू लावून, फूल वाहून पूजेच्या तबकात ठेवलं. नारळ फुटला, टाळ्या झाल्या, चौघांनी होडी ढकलली. भटजी आत बसून नद्यांची नावं घेऊन त्यांना आवाहन करत होते, आणि नद्या खरोखरच आल्या! पहिल्यांदा भटजींचं धोतर भिजलं. त्यांना वाटलं, तीर्थ सांडलं असेल. मग तबक तरंगायला लागलं आणि त्यात ते बूच, फुलासकट, मोठ्या दिमाखात भटजींच्या समोरून गेलं. भटजींना आम्ही काखेत धरून बाहेर काढलं. ताई काठावर उभी होती. सगळ्या गावासमोर ती म्हणाली, "ह्या होडयेत माजो पाय पडूचो नाय. देवाक सांगून ठेवतंय."

पण खचून जातील ते भावोजी कसले! दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःलाच मेमो दिला. घटना: होडीत पाणी शिरले. कारण: बूच पूजेत होते. जबाबदार व्यक्ती: भटजी. तेव्हापासून प्रत्येक अपघाताचा मेमो निघू लागला आणि त्यात जबाबदार कधी वारा असे, कधी सुकती (ओहोटीला इकडं सुकती म्हणतात), आणि बहुतेक वेळा 'मेहुणा', म्हणजे मी. मी त्या दिवशी डिचोलीत घरी झोपलेलो असलो तरी.

आठवडाभरात त्यांनी होडी भर भरतीला माडाला आखूड दोरीनं आवळून बांधली आणि जेवून निवांत झोपले. उठून बघतात तर पाणी खाली गेलेलं आणि होडी नाक वर करून माडाला लोंबकळतेय! आतल्या गाद्या, चहाचा थर्मास, भावोजींची टोपी, सगळं खाली चिखलात. नांगराची तर गोष्टच वेगळी. नांगर टाकताना ते पुढच्या टोकावर उभे राहून तो असा भिरकावत की बघणाऱ्यानं हात जोडावेत. फक्त दोरीचं दुसरं टोक होडीला बांधायचं राहून जाई. दोन नांगर असे गेले. तिसऱ्या वेळी मी ओरडून आठवण केली, तर म्हणाले, "बांधलंय रे, माका काय पिसो समाजतंस?" बांधली होती खरी. कदेलीला. बसायला होडीत एक प्लास्टिकची कदेल, म्हणजे खुर्ची, ठेवलेली असे, तिला. नांगर गेला, दोरी गेली, मागोमाग कदेल डौलात पाण्यावर उतरली आणि क्षणभर तरंगून तीही गेली. आणि जेटीची दोरी न सोडताच इंजिन चालू केलं तो दिवस! इंजिन गर्जतंय, मागं पाणी उसळतंय, भावोजी सुकाणू धरून ताठ बसलेत, नजर लांब. काठावरून पोदेर, म्हणजे पाववाला, उंडे घेऊन चालला होता, त्याला यांनी हात केला. अर्ध्या तासानं तो परत येताना दिसला तेव्हा भावोजी खूश होऊन मला म्हणाले, "ह्यो बघ, हंयसर पण येता!"

या सगळ्या वेळी ताई काठावर असे. छत्री घेऊन, माडाच्या बुंध्याशी, न चुकता. भावोजींची समजूत अशी की ती हसायला येते. माझीही तीच होती. एकदा मी म्हटलं, "ताई, उन्हात कशाला बसतेस? घरी बसून हस की." ती माझ्यावर एकदम उखडली. "हसता कोण? तेंका पवाक येत नाय!" एकतीस वर्षं बार्जींच्या धंद्यात घालवलेल्या माणसाला पोहता येत नाही, हे मला तेव्हा कळलं! नारिंगी रंगाची दोन तरंगणारी जाकिटं त्यांनी आणली होती खरी, एक स्वतःला आणि एक ताईला. पण मळू नयेत म्हणून दोन्ही प्लास्टिकच्या पिशवीतून त्यांनी कधी काढली नव्हती.

आता रामनवमीची गोष्ट. गावातल्या देवळात दुपारी बाराला रामजन्म होतो आणि पाळण्याची दोरी ओढायचा मान घराघरांत पाळीपाळीनं फिरतो. यंदा तो ताईकडं आला होता. नऊ वर्षांनी! महिनाभर आधी तिनं हिरवी रेशमी साडी काढून उन्हात टाकली होती. मी आदल्या दिवशीच पोचलो होतो. पाळण्याचे अबोलीचे हार नदीपलीकडच्या बार्देशातल्या एका माळ्याकडून यायचे होते, आणि ते मी होडीनं आणतो, असं भावोजींनी जाहीर केलं.  ताईनं फक्त माझ्याकडं बघितलं.

भावोजींनी हिशेब चोख केला होता. शेजारच्या म्हाताऱ्या पाग्यानं, म्हणजे जाळं टाकून मासे पकडणाऱ्यानं, त्यांना तो शिकवला होता. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. कॅलेंडरवर ठळक रामनवमी. नवाची पाऊणपट पावणेसात. पावणेसातला भरती पुरी, पलीकडं जायचं, हार घ्यायचे, आणि साडेआठला रेतीच्या पट्ट्यावर पाणी आहे तोवर परत. पावणेनऊला मला फोन आला. आवाज अगदी ऑफिसातला. "मेहुण्या, एक घटना घडलेली असा."

होडी भर नदीत रेतीवर बसली होती. मी धावत पाग्याकडं गेलो. त्यानं नदीकडं बघून कपाळावर हात मारला. "अरे देवा! नवमी धा वाजतां लागता. सकाळी अष्टमीच होती न्हय? पाऊण तास चुकले भावोजी." रामाचा जन्म दुपारचा, म्हणून दुपारची नवमी धरून कॅलेंडरवाल्यानं रामनवमी छापली, पण पाण्याला सण कुठला? ते आपलं अष्टमीच्या हिशेबानं सहालाच भरून परत निघालं होतं. आता पुढची भरती चढून होडी उचलायला दुपारचे चार वाजणार!

पाग्यानं आपली छोटी होडी काढली. मी बसलो आणि मागोमाग, हिरव्या साडीचा काचा मारून, हातात डबा घेऊन ताई बसली. "तू कशाला?" म्हटलं, तर म्हणाली, "वल्हव तू." पोचलो तेव्हा भावोजी कलत्या होडीत हारांची टोपली मांडीवर घेऊन बसले होते, फुलांवर ओलं फडकं टाकून. फुलं ताजी होती, माणूस सुकला होता. मी म्हटलं, "चला, उतरा. होडी राहू दे, चारला येऊन नेऊ." तर ते ताठ झाले. "बार्ज सोडून इले म्हणान मी कितक्या तांडेलांका मेमो दिलेत, खबर असा तुका? मी होडी सोडूचंय नाय. तुमी हार घेवन जावा. हिका वेळेर पोचव रे, हिचो पाळणो असा."

शेवटचं वाक्य म्हणताना त्यांनी हारांवरचं फडकं उगीच नीट केलं. ताईनं टोपली उचलून माझ्या हातात दिली. मग साडी सावरली आणि सरळ भावोजींच्या होडीत पाय टाकला! मी बघतच राहिलो. पाग्याचं वल्हं हवेत राहिलं. "हार घेवन तू जा," ती मला म्हणाली. "पाळण्याची दोरी माज्या जावेक ओढूक सांग. भरती परत इली आनी होडी कलांडली तर हेंचा काय जायत?"

"अगो, पण तुला तरी कुठं पोहता येतं?" मी ओरडलो.

"माका पवाक येत नाय, पण बोंब मारूक येता. हेंका तीय येत नाय."

 भावोजींनी प्लास्टिकची पिशवी फाडली, एक नारिंगी जाकीट काढलं आणि त्या हिरव्या रेशमी साडीवर ताईला चढवलं. बंद नीट लागले की नाही ते दोनदा ओढून बघितलं.

हार वेळेवर पोचले. बाराच्या सुमाराला मी देवळातून बाहेर येऊन नदीच्या पायऱ्यांवर उभा राहिलो. नदी आटून मधोमध रेतीचं बेट वर आलं होतं आणि त्यावर ती तिरकी होडी. आत घंटा झाल्या, ढोल वाजला, गुलाल उडाला, ताईच्या जावेनं दोरी ओढली. तो आवाज पाण्यावरून त्यांच्यापर्यंत गेला असणार, कारण दोघंही उठून देवळाकडं हात जोडून उभे राहिले. आणि अर्थातच भावोजी घसरले! अलगद, हात जोडलेल्या अवस्थेतच, होडीत साचलेल्या घोटाभर पाण्यात बसले. ताईचे खांदे हलताना मला एवढ्या लांबून दिसत होते. केवढी हसत होती! मग तिनं वाकून हात दिला, तो धरून ते उठले, आणि नंतर दोघांनी तो हात सोडलेला मला दिसला नाही. मी पायऱ्यांवर उभा राहून एकटाच टाळ्या वाजवल्या. लोकांना वाटलं, रामजन्माच्या.

चारला भरतीनं होडी उचलली. काठाला लागल्यावर ताई उतरली, डबा माझ्या हातात दिला आणि आंघोळीला गेली. संध्याकाळी मेमो निघाला. जबाबदार व्यक्तीच्या ओळीत पहिल्यांदाच वाऱ्याचं, सुकतीचं किंवा माझं नाव नव्हतं. तिथं त्यांनी स्वतःचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, लिहिलं होतं आणि तो कागद ताईपुढं ठेवून ते बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, जाऊन बसले.

निघताना मी ताईला विचारलं, "वाईट वाटलं का गं?" ती खोटं बोलली नाही. "वायट वाटला रे. कशाक वाटूचा नाय? परत मान येवक नव वर्सां. पण हेंका थंय एकटे सोडून माज्या हातान दोरी ओढवली असती?"

आता डोळ्यांच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी भावोजींना उन्हापाण्यात जायला मनाई केली आहे. इंजिन ताडपत्रीत बांधून पडवीत ठेवलंय. गावाला मोठी चुटपुट लागली आहे, पोदेर तर मला अडवून विचारतो, "होडी कधी काढतलेत?" होडी काठालाच बांधलेली असते आणि ऊन उतरलं की दोघं तिच्यात जाऊन बसतात. कुठं जात नाहीत. पाणी चढतं तशी ती वर जातात, उतरतं तशी खाली येतात. परवा मी गेलो तेव्हा ताई त्यांना पलीकडच्या काठावरचं काहीतरी दाखवत होती आणि अजून धूसर दिसणाऱ्या डोळ्यांनी ते "हां, हां" म्हणत होते. तिनं मला बघितलं आणि हाक मारली, "ये रे, जागा असा."

जागा होती खरी. पण मी काठावरच बसून राहिलो.