चार दिशांच्या अक्षता

आधीच सांगते, मी सातवीला विज्ञान शिकवणारी बाई. स्टाफरूममध्ये कोणी भुताखेताचं काढलं की मी डबा उचलून दुसऱ्या टेबलावर जायची. तरी हे लिहितेय, कारण... घडलंय.

साल २००३. नाशिकरोडला, जेलरोडवर आमचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. आई माझ्याकडेच असायची. धाकटी बहीण नीता इंग्लंडमध्ये, लेस्टरला शिक्षिका. शिक्षिका तीही, शिक्षिका मीही — पण जुलै संपताना तिला सहा आठवड्यांची सुट्टी आणि मला घटक चाचणीचे पेपर! सुट्टी लागल्या लागल्या तिचा फोन. "ताई, आज नऊपर्यंत लोळले गं. आता बाल्कनीत चहा घेत बसलेय. काही म्हणजे काही काम नाही!" मी "वा, छान" म्हटलं आणि फोन ठेवून कुकरचं झाकण जरा जोरातच आपटलं. जळफळाट झाला, दुसरा शब्द नाही.

त्याच आठवड्यात श्रावणातला पहिला शुक्रवार, जिवतीची पूजा. दुपारी मी शाळेतून आल्यावर आईने मला पाटावर बसवून पुरणाच्या दिव्यांनी ओवाळलं — झटपट. मग गुडघे धरत उठली आणि नीतासाठी चारही दिशांना अक्षता टाकल्या. लेकरू परगावी असलं की आमच्याकडे असंच ओवाळतात. पश्चिमेला तोंड करून तर ती किती वेळ उभी होती... ओठ हलत होते, डोळे भरलेले. गोळ्या मी द्यायच्या, दवाखान्यात मी न्यायचं, आणि रडायचं कोणासाठी? त्यात लाईट गेले. एकलहऱ्याचं पॉवर स्टेशन उशाला, तरी आमचं लोडशेडिंग काही चुकायचं नाही. अर्धी पुरणपोळी ताटात टाकून मी उठले.

हात धुतेय तोच फोन वाजला. नीता. आवाज वेगळाच.

"ताई, आईने आत्ता काय केलं?"

"जिवती. का गं?"

"मी केस धुऊन बाल्कनीत बसले होते. डोक्यावर काहीतरी पडलं. हात लावला तर ओल्या केसांत तांदूळ... हळद लावलेले. आणि कानाशी आईचा आवाज."

"सुट्टी चढलीय तुला," मी हसले. "काय म्हणाली आई?"

"'माझ्या सुनंदाची कंबर गेली माझं करता करता. बोलत नाही ती. तिला जप.' ताई, अक्षता माझ्या आणि मागणं तुझ्यासाठी? माझं नावसुद्धा नाही!" आणि ती चिडून रडायलाच लागली.

मी हादरले. कंबरेचं मी कोणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही.

आईला विचारलं, मघाशी काय पुटपुटत होतीस? ती निरांजन पुसत म्हणाली, "तुझंच. नीता मजेत आहे गं, सुट्टी लागलीय तिला. उठता-बसता कंबर धरतेस ते दिसत नाही का मला?"

"मग मोठ्याने म्हणायचं ना!"

"तू चिडली असतीस."

आई जाऊन आता बरीच वर्षं झाली. नीताच्या बिल्डिंगमध्ये दुसरं कोणी भारतीय नव्हतं, तिच्या घरी त्या दिवशी पूजाही नव्हती. भास, टेलिपथी, योगायोग... सगळं लावून पाहिलं, एकही बसत नाही. नीता अजून फुगून म्हणते, आईचा जीव तुझ्यातच होता. असेलही. पण हातभर अंतरावर मी बसले होते, आणि आईचे ते शब्द ऐकले तिने. मला त्याचा आजही हेवा वाटतो.