हळदीच्या डीव्हीडीतला आवाज

शशी गेल्याचं कळलं तेव्हा मी एका बाईंचं आधार कार्ड लॅमिनेट करत होतो. फोन त्याच्या बायकोचा, स्मितावहिनींचा होता. त्या रडत नव्हत्या. 'विजूभाऊजी, तुम्ही या,' एवढंच दोनदा म्हणाल्या आणि मला कळायचं ते कळलं. कार्ड मशीनमध्ये वाकडं गेलं, बाई ओरडायला लागल्या, मी त्यांना काय उत्तर दिलं ते आता आठवत नाही. बोरीवली पूर्वेला माझं दुकान आणि त्याच बाजूला, नॅशनल पार्कच्या अंगाला शशीचं घर. रिक्षाने जेमतेम दहा मिनिटं. तेवढ्या वेळात दुकानाचं शटर ओढलं का, मशीन बंद केलं का, याचाच घोर मी लावून घेतला होता. शशीचा विचार करायची हिंमत होत नव्हती म्हणून असेल.

मी मुळातच घाबरट. घरातून निघताना गॅसचं बटण तीनदा बघणारा, मुलीला कॉलेजातून यायला पंधरा मिनिटं उशीर झाला की गॅलरीत जाऊन उभा राहणारा. शशी यावरून माझी यथेच्छ टिंगल करायचा. आणि हाच मी, तो जाण्याच्या दोन आठवडे आधी त्याच्याकडे चहाला गेलो होतो, तो छाती चोळत 'ॲसिडिटी रे, बाकी काय नाय' म्हणाला आणि मी विश्वास ठेवला! बिस्किटं खाल्ली, घरी आलो. जन्मभर नको त्या गोष्टींची काळजी करत बसलो आणि जिथे करायची तिथे बिस्किटं खाल्ली... याला पाच आठवडे झाले, अजून ते मनातून जात नाही.

आम्ही दोघं मिळून लग्नाचे व्हिडिओ काढायचो. पंधरा वर्षं काढले. बोरीवली, दहिसर, मालाड, पार मनोरी-गोराईपर्यंत. मी कॅमेरा धरायचो, गिऱ्हाइकांशी बोलायचो. शशी माईक आणि दुसरा कॅमेरा सांभाळायचा आणि नंतर घरी बसून एडिटिंग करून डीव्हीडी तयार करायचा. त्याचे वडील मालवणहून येऊन गिरणीत लागलेले, साचेखात्यात. मागांच्या खडखडाटाने त्यांचे कान गेले होते, त्यामुळे त्या घरात सगळे ओरडूनच बोलायचे. शशी एकटाच हळू बोलायचा. इतका हळू, की समोरच्याला पुढे वाकावं लागायचं. आवाजाच्या बाबतीत मात्र तो भलताच चोखंदळ. लग्नात सगळे कॅमेरे नवरा-नवरीवर आणि हा माईक घेऊन कुठे, तर मांडवाच्या कोपऱ्यात गाणाऱ्या म्हाताऱ्यांपाशी, नाहीतर हळद कांडणाऱ्या बायकांच्या मध्ये. मी खुणा करून करून थकायचो. तो डोळे मिटून, कानाला हेडफोन लावून उभा.

यावरूनच आमचं एकदा कडाक्याचं भांडण झालं. कांदिवलीच्या एका गिऱ्हाइकाने डीव्हीडी परत आणून आपटली. मागे भांडी वाजतात, कोणीतरी सारखं खोकतं, मामा जेवणाबद्दल काहीतरी वाईट बोलतात, तेसुद्धा ऐकू येतं! मी हादरलो. असं चार जणांनी केलं तर आपली वाट लागली, असं मला स्पष्ट दिसायला लागलं. त्या दिवसापासून मी नियम केला. मंगलाष्टकं सोडली तर बाकी सगळीकडे मूळ आवाज बंद आणि वरून सिनेमातली गाणी. शशी म्हणाला, 'अरे, लोकं स्वतःचाच आवाज विसरतील.' मी म्हटलं, 'लोकांना गाणी हवीत. तू आवाज जपत बस, मी शिव्या खातो.' त्यावर तो मालवणीत उतरला. 'तुका काय कळता?' म्हणाला आणि दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी मात्र 'बरं, तू म्हणशील तसं' म्हणून मोकळा झाला. मी जिंकलो होतो. वर कहर म्हणजे, डीव्हीडी गिऱ्हाइकाच्या हातात पडली की मूळ टेपवर आम्ही पुढचं लग्न काढायचो. तोही नियम माझाच.

पुढे प्रत्येकाच्या हातात मोबाईल आले आणि आमचा धंदा आपोआप बसला. मी झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो असं दुकान टाकलं. शशी घरच्या गॅलरीत, काचा लावून केलेल्या खोलीत, लोकांच्या जुन्या कॅसेट आणि डीव्हीडी पेनड्राइव्हवर उतरवून द्यायचा. कुणाला नुसता आवाज हवा असला तर तोही वेगळा काढून द्यायचा. बाबांचं भाषण, आजीची ओवी, असलं काहीबाही घेऊन लोक त्याच्याकडे यायचे. हे काम त्याला मनापासून आवडायचं. 'चित्राला काय, फोटो असतातच ना लोकांकडे,' असं म्हणायचा.

त्याचं तेरावं होऊन आठवडा झाला असेल, मनोरीहून कल्पनाचा फोन आला. कल्पना कोळ्यांच्या घरातली. तिच्या धाकट्या बहिणीच्या लग्नाचा व्हिडिओ आम्हीच काढला होता, सतरा-अठरा वर्षांपूर्वी. तिची आई हिरूबाई धवलारीण. म्हणजे लग्नातला एकेक विधी गाऊन पार पाडणारी. हळदीच्या वेळी ती जे धवले गाते, त्यात घरातल्या गेलेल्या माणसांना एकेकाचं नाव घेऊन मांडवात बोलावते. हिरूबाईला गेल्या वर्षी लकवा झाला आणि वाचा गेली. आता कल्पनाच्या मुलीचं लग्न. 'दादा, गोराईची धवलारीण येनार हाय,' कल्पना सांगत होती, 'पन आमच्या घरची सगली नावं आयलाच ठावं. कोनी लिवून नाय ठेवली. शशीदादांना डीव्हीडी दिलेली, आवाज काढून देतो बोललेले. सोमवारी हलद हाय. भेटंल ना?' त्या दिवशी गुरुवार होता. मी 'भेटेल भेटेल' म्हणालो, फोन ठेवला आणि शशीच्या घरी निघालो.

शशीच्या खोलीत डीव्हीडी शोधायला वेळ लागला नाही. प्रत्येक पाकिटावर त्याच्या बारीक अक्षरात नाव, गाव आणि काय हवंय ते. 'मनोरी, कल्पना, आईचे धवले.' ती घरी आणून मी टीव्हीला जोडलेल्या जुन्या प्लेअरमध्ये घातली. हळद आली. पडद्यावर हिरूबाई, हिरवं लुगडं, केसांत अबोलीचा गजरा, डोळे अर्धे मिटलेले, तोंड हलतंय... आणि आवाज सिनेमातल्या गाण्याचा. पुढे पळवलं, मागे आणलं. पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत तेच गाणं, संपलं की पुन्हा सुरू. गाणं मीच निवडलेलं होतं. टेप कधीच पुसली गेली होती. त्या बाईचं नुसतं हलणारं तोंड बघून मी टीव्ही बंद केला. लाज वाटली. इतकी लाज मला उभ्या आयुष्यात वाटली नव्हती.

शुक्रवारी कल्पनाचे दोन फोन आले. मी उचलले नाहीत. काय सांगणार होतो? तुझ्या आईचा आवाज मीच पुसला, म्हणून? शशी असता तर त्याला पुढे केलं असतं, असाही एक विचार मनात येऊन गेला. तोही इथे कबूल करतो. शनिवारी सकाळी आणखी एक शंका डोक्यात शिरली. शशीने 'काढून देतो' म्हटलं होतं. असल्या कामात तो फुकटचं आश्वासन देणारा माणूस नव्हता. म्हणजे त्याला काहीतरी माहीत असणार, किंवा तो साफ विसरला असणार. दुकान न उघडता मी डीव्हीडी घेऊन तडक त्याच्या घरी गेलो.

वहिनींनी कॉम्प्युटर लावून दिला आणि चहा ठेवायला गेल्या. डीव्हीडीवर बारीक ओरखडे होते. ती कशी पुसायची ते शशीनेच मला शिकवलं होतं. मऊ फडक्याने, मधून कडेकडे सरळ, गोल गोल नाही. पुसली, घातली. ड्राइव्ह घरघरला, थांबला, पुन्हा घरघरला. मग शशीचं आवाज वेगळा करायचं सॉफ्टवेअर उघडलं आणि डिस्कची यादी पडद्यावर आली. एक व्हिडिओ. त्याखाली ऑडिओ एक. त्याखाली ऑडिओ दोन.

डीव्हीडीवर एकाच चित्राला दोन-दोन आवाज ठेवता येतात हे मला ऐकून माहीत होतं. सिनेमाच्या डीव्हीडीत दोन भाषा असतात तसे. पण लग्नाच्या डीव्हीडीत दुसरा आवाज कशाला असेल? काहीतरी चुकून राहिलं असेल असं वाटलं. दुसऱ्यावर क्लिक करून हेडफोन लावला. आधी भांडी वाजली. मग कोणीतरी खोकलं. आणि मग हिरूबाईचा आवाज आला... भरदार, जरासा खरखरीत, एकेका नावावर थांबत जाणारा. घरच्या सगळ्या पितरांना ती बोलवत होती. मी 'वहिनी!' अशी जोरात हाक मारली. त्या धावत आल्या. त्यांना वाटलं मलाच काहीतरी झालं.

प्लेअर आपणहून पहिला आवाज लावतो, त्यामुळे गिऱ्हाइकाला गाणी ऐकू यायची आणि मलाही. रिमोटवर ऑडिओचं बटण दाबून बघायची गरज कोणालाच पडली नाही. शेल्फवरच्या आमच्या आणखी चार डिस्क मी एकामागून एक घालून पाहिल्या. दहिसर, मालाड, गोराई, पुन्हा मालाड. चारही डिस्कवर ऑडिओ दोन होता. म्हणजे 'तू म्हणशील तसं' म्हणून या माणसाने माझं ऐकलं होतं आणि काडीचंही ऐकलं नव्हतं! मला रडू आलं आणि रागही आला. इतकी वर्षं रोज भेटत होतास, एकदा सांगायला काय झालं होतं रे? मग वाटलं, मी 'काढून टाक' म्हटलं असतं. नक्की म्हटलं असतं.

पण गोष्ट तिथे संपली नाही. आवाज काढायला लावला आणि एकसष्ट टक्क्यांवर सगळं अडकलं. तिथे डिस्क खराब झाली होती. पुन्हा पुसली, पुन्हा लावली, पुन्हा तिथेच अडकलं. चहा दोनदा गार झाला. चौथ्या वेळेला तेवढी जागा ओलांडून काम पुढे सरकलं, पण तिथला दोन-तीन सेकंदांचा आवाज गेला तो गेलाच. त्या सेकंदांत एखादं नाव असलं तर? ते कोणाला कळणार? हिरूबाईला कळेल, पण ती बोलू शकत नाही... हा किडा डोक्यात घेऊन मी उरलेला भाग ऐकत होतो, तेवढ्यात धवल्याच्या मध्येच एक माणूस खेकसला. 'शशी, माईक बंद कर ना यार, वरून गाणंच टाकायचंय!' हा मी. आणि लगेच माईकच्या अगदी जवळून, हळूच, 'केला रे.' केला नव्हता. त्यानंतर पुढची अकरा मिनिटं हिरूबाई गात होती.

सोमवारी मार्व्याहून फेरीबोटीने मनोरीला गेलो. पेनड्राइव्ह शर्टाच्या खिशात होता, त्याची एक प्रत पाकिटात आणि आणखी एक मोबाईलमध्ये. मांडवात हिरूबाईला खुर्चीवर आणून बसवलं होतं. स्पीकर लावला. तिचाच आवाज मांडवात घुमला तसे तिचे डोळे मोठे झाले, कल्पनाने पदर तोंडाला लावला. मी मात्र हिरूबाईच्या डाव्या हाताकडे बघत होतो. दर नावाला ती खुर्चीच्या दांड्यावर बोट आपटत होती. ती खराब जागा आली, आवाज तुटला, पुन्हा लागला. त्या तुटलेल्या जागेत तिचं बोट आपटलं नाही, पुढच्या नावालाच पडलं. नाव गेलं नव्हतं.

मग तो खेकसण्याचा भाग आला आणि बायका खो खो हसल्या. ओशाळून मी मान खाली घातली. हळद लागून झाल्यावर कल्पना माझ्यापाशी आली. हे धवले तिला बहिणीला पाठवायचे होते, पुढे नातवंडांनाही द्यायचे होते. 'दादा, सगला झकास झाला,' ती म्हणाली, 'तेवढा मधला मानसांचा आवाज काढून टाकशील? आयच्या गान्यात बरा नाय वाटत.'

तो आवाज काढणं म्हणजे दोन मिनिटांचं काम आहे. माझं वाक्य मी त्याच दिवशी काढून टाकलं असतं. पण ते काढलं तर शशीच्या 'केला रे'ला काही अर्थ उरत नाही.

'नाही गं,' मी तिला म्हणालो, 'तो निघत नाही.'