तिसरीत बसणाऱ्या बाई

चाकणजवळच्या कुरुळीच्या आमच्या शाळेत नवं मूल आलं, की सुमनबाई त्याला इयत्ता विचारत नसत. मूठभर चिंचोके पुढ्यात टाकून "ह्याचं काय बी कर, मी बघते," म्हणत आणि खरंच बघत बसत. पहिली-दुसरी त्यांच्याकडे, तिसरी माझ्याकडे.

नव्या अभ्यासक्रमाच्या प्रशिक्षणात स्तर समजावले : अंगणवाडीपासून दुसरीपर्यंत पायाभूत, तिसरी ते पाचवी पूर्वतयारी, मग पुढचे दोन. आम्ही जांभया आवरत होतो; बाई मात्र खूश. "म्हंजी अंगणवाडी आन् आमी एकाच घरातले झालो की, सर!"

त्याच उत्साहात त्यांची चूक झाली. लातूरकडून चाकणला कंत्राटी कामावर आलेल्या एकाची मुलगी अर्चना वयाने तिसरीत बसली, पण तिला अक्षरं जुळवता येईनात. "अजून पायाभूतच हाय ती, माझ्यात द्या," म्हणत बाईंनी तिला मायेने आपल्या सतरंजीवर नेलं. तिथे तिचा धाकटा भाऊ पहिलीत! संध्याकाळी त्याने सगळ्या चाळीत बोभाटा केला. अर्चना शाळेत यायची बंद झाली.

बाई तिच्या खोलीवर जाऊन आल्या त्या रडवेल्या होऊन. "दारामागं लपली वो. मी तिला खाली ढकलली, आसं वाटलं तिला. म्हनलं, बाय, तू तिसरीतच बस, मीच येते तुझ्याकडं."

आणि आल्या. मधल्या सुट्टीनंतर आपली पोरं अंगणवाडीताईंच्या हवाली करायच्या, "एकाच स्तरातली हायेत, सांभाळ घटकाभर," म्हणायच्या आणि गुडघे धरत माझ्या वर्गात मागे अर्चनाशेजारी मांडी घालायच्या. बाईंनाही वाचता येत नाही, अशी माझ्या पोरांची खात्रीच पटली. पोरं बाईंना शब्द सांगू लागली. वाचता न येणारी आता ती एकटीच नव्हती; अर्चनाला आणखी काय हवं होतं?

दिवाळीनंतर ती पानभर धडा वाचू लागली. तेवढ्यात बापाचं कंत्राट संपलं, खोली रिकामी झाली. कुठे गेले, कुणालाच सांगता येईना. बाई त्या दिवशीही येऊन तास संपेपर्यंत बसल्या. मला फळ्याकडून वळवेना.

उन्हाळ्यात बाई आजारी पडल्या. शेवटचं भेटलो तेव्हा ओळखू येत नव्हत्या इतक्या वाळल्या होत्या. माझा हात धरून म्हणाल्या, "सर, अर्चनाला नव्या शाळंत तिसरीतच बसवलं आसंल न्हवं? खाली न्हाई ना घातली?"

"तिसरीतच बसवलंय, बाई," मी म्हणालो. मला काहीच ठाऊक नव्हतं.